देवासची हाडे आणि हैबतरावांची ताटली

दिवाळीचे शेवटचे फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याहून माळव्याला निघालो. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि आमच्या नाटक कंपनीच्या साऱ्या आशा होत्या. मी कंपनीचा व्यवस्थापक. आवाज राजाचा आणि उंची द्वारपालाची असली की माणूस नट होत नाही, व्यवस्थापक होतो. माळव्यातले मराठे सरदार नाटकवेडे असतात असे ऐकले होते, तेव्हा आधी जाऊन आश्रयदाता गाठायचा आणि मग मंडळींना बोलावून घ्यायचे असा बेत होता.

पोचवायला आमचा सदोबा आला होता. सदोबा म्हणजे रंगपटाचा धनी. नटांची तोंडे रंगवून त्यांचे देव, दैत्य आणि राजकन्या करणे हे त्याचे काम. त्याने माझ्या तळहातावर दही घातले आणि आपल्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली. हात कसले, खवण्याच!

"सदोबा, तुझ्या हातावर नारळ खवता येईल," मी म्हणालो.

"कामाचे हात आहेत, तात्या. तुमच्यासारखे टाळ्या वाजवायचे नाहीत," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

खांडव्याला मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसलो. ती घाट चढू लागली की माणसाला आपल्या सामानाची लाज वाटते. इतकी धापा टाकते बिचारी. इंदुरास उतरून देवासचा टांगा केला. टांगेवाला मांगीलाल मूळचा धामनोदचा. त्याच्या मते जगात दोनच प्रकारचे लोक होते, नर्मदेकाठचे आणि दुर्दैवी.

देवासची टेकडी दिसू लागली तशी त्याने मान वळवून विचारले, "बडी पाँती में जाणो है के छोटी में, भिया?" ("भिया" म्हणजे भाऊ. इकडे तो टांगेवाल्यापासून दिवाणापर्यंत सर्वांना चालतो.)

हा प्रश्न नवख्याला कळत नाही, म्हणून सांगतो. देवास हे एक गाव आहे आणि त्यात दोन संस्थाने आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. (पाती म्हणजे वाटणी.) दोन भावांनी राज्य वाटून घेतले, पण गाव कोणीच सोडेना. तेव्हा गल्लीची ही बाजू एकाची आणि ती बाजू दुसऱ्याची. दोन दरबार, दोन न्यायाधीश, दोन बँड. टेकडीवरच्या देव्यासुद्धा दोन, एक मोठी माता आणि एक छोटी. एका पातीत शिंक आली तर दुसऱ्या पातीत औषध देतात असे मांगीलाल म्हणाला. मला तो चेष्टा करतो आहे असे वाटले. तीन दिवसांनी तसे वाटेनासे झाले.

मला जायचे होते थोरल्या पातीतल्या एका सरदारांकडे. त्यांना मी इथे बापूसाहेब म्हणतो. धाकट्या पातीत त्यांचे एक लांबचे चुलतभाऊ होते, त्यांना नानासाहेब म्हणू. या दोघांमध्ये अतिशय प्रेम होते. एकाने बग्गी घेतली की दुसरा दोन घोड्यांची घेई. एकाने बोलणारी तबकडी आणली तेव्हा दुसऱ्याला आठवडाभर ताप होता म्हणतात.

बापूसाहेबांनी माझे स्वागत इतक्या आनंदाने केले की मी मनात तिकिटांचे दर वाढवून टाकले. "नाटक? वा! अवश्य! आधी जेवू, मग तुम्हाला आमचं नाटक दाखवतो," ते म्हणाले.

पंगत बसली. माझ्यासमोर चांदीच्या वाट्या, मधोमध तुपात बुडवलेले बाफले. (बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकडलेला, मग गोवऱ्यांवर भाजलेला, मग तुपात पोहायला सोडलेला. एक खाल्ला की माणूस तृप्त होतो, दोन खाल्ले की तत्त्वज्ञ.) मी हात घालणार इतक्यात एक गोलमटोल, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. कमरेच्या शेल्यातून त्यांनी एक लहानशी चांदीची ताटली काढली. प्रत्येक भांड्यातला एकेक घास तीत वाढून घेतला, डोळे मिटून चाखला, थोडा वेळ थांबले, मिशांवरून डावा हात फिरवला आणि म्हणाले, "चालू द्या."

हे हैबतराव. नावात हैबत होती, बाकी सर्व लोणी होते. त्यांच्या घराण्याकडे पाच पिढ्या सरदारांचे अन्न चाखण्याचे काम. पूर्वी पंगतीत विष घालण्याची चाल होती, त्या काळची ही नेमणूक. विषाची चाल गेली, नेमणूक राहिली.

"आणि एखादे दिवशी चालू द्यायचं नसलं तर?" मी विचारले.

"तर ही ताटली पालथी घालायची," हैबतराव म्हणाले. "बोलायचं काही नाही. बोललं की कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. ताटली पालथी झाली की सगळ्या पंगतीनं उठायचं. यजमानांनीसुद्धा. पाहुणा कितीही मोठा असो."

"तुम्ही कितीदा घातलीत?"

ते इतके हसले की ठसका लागला. "एकदाही नाही, भिया! माझ्या बापानं नाही, आज्यानं नाही. आमची तर पाचवी पिढी फक्त जेवतेच आहे."

त्यांच्या उजव्या हाताला मी रेशमी मोजा पाहिला. तो चाखताना ते काढत नव्हते, चांदीच्या चमच्याने घास घेत होते. दरबारी थाट असेल म्हणून मी सोडून दिले.

जेवणानंतर बापूसाहेब मला तळघरात घेऊन गेले. बाहेर दुपारचे लख्ख ऊन होते आणि आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार. "पैलवान!" असा पुकारा झाला. दोन पैलवान एका मोठ्या यंत्राची चाके फिरवू लागले. काचेच्या थाळ्या गरगर फिरल्या, पिवळ्या ठिणग्यांचा कडकडाट झाला आणि स्टँडवर टांगलेला एक काचेचा भोपळा हिरवा उजळला. आमच्या कंपनीत मेघनाद रंगमंचावर येतो तेव्हा आम्ही एक पत्रा हलवतो. मला त्या पत्र्याची फार लाज वाटली.

ते क्ष-किरणांचे यंत्र होते. बापूसाहेबांनी चार-पाच वर्षांपूर्वी विलायतेहून मागवले होते, कारण नानासाहेबांकडे ते नव्हते. देवासात त्याला "हाडांचा दिवा" म्हणत. वाड्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तीन गोष्टी मिळत: अत्तर, पानसुपारी आणि त्याची स्वतःची हाडे.

पण एक अडचण आली होती. नवीन पाहुणे दिव्यापुढे हात धरायला घाबरत. पहिला हात कोणाचा? बापूसाहेबांनी त्यावर क्षणभरही विचार केला नव्हता. पाहुण्यांच्या आधी सर्व काही कोण चाखतो?

हैबतरावांनी मोजा काढला. अंधारात मला हात दिसला नाही, दिसली ती दिव्यासमोरच्या चमकत्या पडद्यावरची हाडे. बोटांची पेरे, मनगटाची खडी, सगळे काळे आणि स्वच्छ. "अजून फिक्कं आहे," ते म्हणाले. पैलवानांनी जोर केला. हात पुन्हा पुढे. "आता ठीक." हात आणखी एकदा. हा दिवा लहरी होता. कधी मांस दाखवी, कधी हाड, कधी नुसती सावली. त्याची लहर कळायला हैबतराव दर वेळी आपला हात धरून पाहत. मग ते म्हणाले, "चालू द्या," आणि मी माझा हात पुढे केला.

खोटे कशाला सांगू? मी लहान मुलासारखा ओरडलो. माझ्या हाडाभोवती माझी अंगठी लोंबत होती! मेल्यावर मी कसा दिसेन हे मी जिवंतपणी पाहत होतो, आणि चांगला दिसत होतो. पुन्हा धरू का, असे मी तीनदा विचारले. आश्रय मागायला आलेला माणूस आपले नाटक विसरून दुसऱ्याच्या नाटकात टाळ्या पिटतो, याहून व्यवस्थापकाची नाचक्की कोणती?

दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी मला त्यांच्या घरी पोहे खायला बोलावले. घर लहान, पण अंगण मोठे. त्यांच्या पत्नी सगुणाबाई साताऱ्याकडच्या माणसाला पाहून खूश झाल्या. बोलणे जुन्या वळणाचे, मध्येच हिंदी. पोहे पुढे ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, एक दाखवायचं आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, राहू दे ना," हैबतराव म्हणाले आणि हात शेल्याखाली गेला.

सगुणाबाईंनी तो ओढून काढला, मोजा उतरवला आणि सूर्याच्या उजेडात माझ्यापुढे धरला. मी पोह्यांचा घास खाली ठेवला. नखे चिरलेली आणि वेडीवाकडी, कातडी कागदासारखी चकाकणारी, जागोजाग काळसर चामखिळी. मधल्या बोटावर एक जखम होती, तिच्या कडा दगडासारख्या उंच आल्या होत्या.

"हे म्हणतात, थंडीनं उलला. मी म्हणते, थंडी काय एकाच हाताला वाजते? डावा बघा कसा लोण्यासारखा आहे. ही जखम होळीला झाली, दिवाळी गेली तरी बुजत नाही. वैद्याचा लेप झाला, मारुतीचा शेंदूर झाला, नवस झाला."

"लागलं असेल कुठेतरी," हैबतराव पुटपुटले.

"चाखताना लागलं?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही नाटकासाठी धारलाही जाणार म्हणता. तिथे गोविंदराव डॉक्टर आहेत, मुंबईला शिकलेले. त्यांना विचारून या. यांना नेणं माझ्या हातचं नाही. चाखणारा आजारी आहे हे गावात कळलं तर धाकट्या पातीत पेढे वाटतील."

मी शब्द दिला. तोपर्यंत मला वाटत होते की मी एका बाईची समजूत काढतो आहे.

धारला जायला इंदुराहून पुन्हा मांगीलालच मिळाला, कारण तो माझी वाट पाहत बसला होता. मी जास्त पैसे देतो आणि कमी बोलतो, असे तो इतरांना सांगत होता म्हणे. घाटाबिल्लोदच्या अलीकडे चाकाचा आरा मोडला. मांगीलाल खाली उतरला, चाकाकडे पाहिले आणि म्हणाला, "टूटी गी." त्यानंतर त्याने त्या विषयावर काहीही केले नाही. एका बैलगाडीवाल्यांच्या मुक्कामात आम्हाला मक्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी मिळाली. त्यांच्यापैकी एक गंधवानीकडचा म्हातारा सुतारकाम जाणत होता. त्याने बाभळीचा आरा घातला आणि आम्ही दिवस मावळायच्या आत धारेत शिरलो.

धार सुंदर आहे. गावाला साडेबारा तलाव आहेत असे प्रत्येक जण सांगतो. बारा मी मान्य करतो. अर्धा कुठला, यावर मला तीन निरनिराळ्या ठिकाणी नेण्यात आले, आणि तिन्ही ठिकाणी पाणी पूर्ण होते. किल्ला लाल दगडाचा, आणि एका जागी एक जुनी लोखंडी लाट (खांब) मोडून पडलेली. ती कोणी पाडली यावर दोन गृहस्थांचे माझ्यादेखत भांडण झाले. मला वाटते तीसुद्धा कंटाळून पडली असावी.

गोविंदराव डॉक्टर सुपारी कातरत ओसरीवर बसले होते. वडील संस्थानात कारकून, स्वतः मुंबईत शिकून आलेले, स्वभाव तिरसट. मी हैबतरावांच्या हाताचे वर्णन केले. अर्ध्यातच ते म्हणाले, "पोटासाठी काय करतात?"

"जेवतात," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तोच त्यांचा धंदा आहे. चाखण्याचा."

"हात जेवून सडत नाही. आणखी काय करतात?"

"पाहुण्यांना हाडे दाखवतात." आणि मी दिव्याचे वर्णन सुरू केले, चांगले रंगवून, पैलवानांसकट, ठिणग्यांसकट. माझ्या वर्णनाला कोणी टाळ्या दिल्या नाहीत असे सहसा होत नाही. डॉक्टरांनी अडकित्ता खाली ठेवला.

"किती वर्षं?"

"चार-पाच."

"दर वेळी तोच हात?"

"दर वेळी. आधी स्वतः धरून पाहतात, मग पाहुण्यांना."

"तात्या, हा माणूस खरोखर विष चाखतोय," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी साध्या शब्दांत सांगतो. हा दिवा भाजतो, पण गरम लागत नाही. विस्तव बिचारा प्रामाणिक, हात लावताच ओरडायला लावतो. हा आज भाजतो आणि वर्षांनी सांगतो. विलायतेत ज्यांनी ही यंत्रे पहिल्यांदा चालवली, ते असाच आपला हात धरून दिव्याची लहर पाहत. आता त्यांच्या हातांवर जखमा होऊ लागल्या आहेत, त्या बुजत नाहीत, आणि काहींचा कर्करोग झाला आहे. (जुने वैद्य ज्याला अर्बुद म्हणतात तोच. मांस वाढत जाते आणि माणसाला खात जाते.)

"आणि गंमत अशी की हे नवं नाही," ते म्हणाले. "विलायतेत धुराडी झाडणाऱ्यांना काजळीनं होतो, रंगांच्या कारखान्यातल्या लोकांना लघवीच्या पिशवीत होतो. सोमल नि त्याच्याच जातीची पिवळी हरताळ हाताळणाऱ्यांचे तळहात आधी खवणीसारखे होतात, मग त्यातल्या काहींचं बिघडतं. रोग एका वयात होतो आणि कारण दहा-पंधरा वर्षं मागे राहिलेलं असतं. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी आधी जीभ पाहत नाही. आधी विचारतो, पोटासाठी काय करता, आणि कधीपासून?"

"हरताळ म्हणालात?" मी विचारले.

"हो. का?"

"काही नाही," मी म्हणालो. मला त्या क्षणी सदोबाचे हात आठवले होते, पण माणसाला एका वेळी एकच काळजी झेपते.

"काखेत गाठ आली आहे का?"

"माहीत नाही."

"नसेल तर वेळ आहे. इंदुराला शस्त्रवैद्य आहेत. बोट काढून टाकायला लागेल, कदाचित दोन. गाठ आली तर मग बोटांनी भागणार नाही. आणि दिवा त्याच्यापुरता आजपासून बंद. कोणाला हाडं पाहायचीच असतील तर भोपळ्याभोवती शिशाचा पत्रा बसवा, लांब उभे राहा आणि दिवा तपासायला बोकडाची तंगडी धरा. बोकडाला पुढची वर्षं नसतात."

धारेतल्या एका सरदाराकडे माझी नाटकाची बोलणी व्हायची होती. ती न करताच मी परतलो. कंपनीत हे कोणाला सांगू नका.

देवासला पोचलो तेव्हा बापूसाहेबांचा वाडा तोरणांनी सजला होता. दुसऱ्या दिवशी नानासाहेब सहकुटुंब हाडे पाहायला येणार होते! इतके दिवस ते "आम्हाला आमची हाडं आहेत हे माहीत आहे" म्हणून टाळत होते. पण त्यांच्या सुनेने हट्ट धरला आणि ते नमले. बापूसाहेबांचा हा आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. त्यांना माझे बोलणे ऐकायला सवडच नव्हती. "तात्या, उद्यानंतर! उद्यानंतर नाटक, हवं ते!" असे म्हणत ते पैलवानांना नवीन फेटे वाटत सुटले.

मी हैबतरावांचे घर गाठले आणि सारे सांगितले. सगुणाबाईंनी आधी त्यांच्या काखेत हात घालून चाचपले. कोणाची पर्वा केली नाही. "नाही. गाठ नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्याच इंदूर," मी म्हणालो.

"उद्या नानासाहेब येणार," हैबतराव म्हणाले.

"तुमची बोटं जातील."

"जाऊ देत. पण उद्या मी हात मागे घेतला तर त्याचा अर्थ काय होतो, तात्या? सरकारच्या घरात पाहुण्यांपुढे विष ठेवलंय असा होतो. आणि तेही धाकट्या पातीच्या पाहुण्यांपुढे! आजवर आमच्या घराण्यानं सरकारला असा कलंक लावला नाही. एक दिवसानं काय होतंय? उद्या धरतो, परवा इंदूर."

"आणि नानासाहेबांची सून? तिची पोरं? ती हात धरतील ते?" मी विचारले.

"एकदा धरल्यानं काय..." आणि ते थांबले. त्यांना ठाऊक होते की त्या पोरांना एकदा पुरणार नाही. मला तरी कुठे पुरले होते?

 सगुणाबाईंनी कोनाड्यातून ती चांदीची ताटली काढली आणि पदराने पुसली.

"पाच पिढ्या," त्या म्हणाल्या. "पाच पिढ्या चाखून चाखून पोट वाढवलंत. जेवणाऱ्याला नेमणूक लागत नाही हो, ते कोणीही करतं. नेमणूक होती विष ओळखायची. ते आता आलंय. पाच पिढ्यांत पहिल्यांदा आलंय. आणि तुम्ही म्हणता चालू द्या!"

ताटली त्यांच्या पुढ्यात ठेवून त्या आत गेल्या.  मीही उठलो. माझ्या इतक्या नाटकांत एवढे चांगले निष्क्रमण मी कोणाला करायला लावले नव्हते.

दुसऱ्या दुपारी तळघरात गर्दी मावेना. पुढे नानासाहेब, सून, तिची मुले, मागे दोन्ही पात्यांचे मानकरी, एकमेकांच्या पायांवर पाय पडणार नाही असे जपून उभे. समयांच्या उजेडात बापूसाहेबांनी छोटेसे भाषण केले, त्यात "विलायत" हा शब्द पुष्कळदा आला. मग समया विझल्या. "पैलवान!" कडकडाट झाला. भोपळा हिरवा उजळला. मुले किंचाळली. नानासाहेबांना आवडले आहे, आणि ते आवडल्याचे दाखवायचे नाही, हे त्यांच्या श्वासावरून मला कळत होते.

"हैबतराव, दाखवा," बापूसाहेब म्हणाले.

हिरव्या उजेडात ते गोल शरीर पुढे आले. मोजा काढला. सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. पडद्यावर काही आले नाही. हैबतरावांनी शेल्यातून ताटली काढली, दिव्यापुढच्या चौरंगावर ठेवली आणि पालथी घातली.

चांदीचा लहानसा आवाज झाला. मला वाटत होते, हे कोणाला कळणारच नाही. कोणी पाहिली होती ती पालथी? पण दोन्ही पात्यांतल्या प्रत्येक घरात ती गोष्ट आजोबांनी नातवंडांना सांगितलेली होती. आधी एक म्हातारा मानकरी दोन पावले मागे सरला. मग सगळे सरले. आणि नानासाहेब, ज्यांनी बापूसाहेबांच्या घरचा कोणताही रिवाज आयुष्यात पाळला नव्हता, त्यांनी सुनेला आणि मुलांना हाताने मागे घेतले. पैलवानांनी चाके सोडली. अंधार झाला.

"दिवा लावा," बापूसाहेबांचा आवाज आला. तो ओळखू येत नव्हता.

समई लागली. "हैबतराव, काय केलंत हे?"

"सापडलं, सरकार."

"कशात?"

हैबतराव बोलले नाहीत. बोलायचे नसते. त्यांनी फक्त उजवा हात समईखाली धरला. बापूसाहेबांनी तो इतक्या वर्षांत पडद्यावर शेकडो वेळा पाहिला होता. वरून त्यांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग मी पुढे झालो आणि डॉक्टरांचे सारे बोलणे सांगितले. या वेळी रंगवले नाही. बोलत असताना मला दिसले की तळघरातला प्रत्येक माणूस आपापला तळहात समईकडे करून पाहतो आहे, जणू सगळे एकाच ज्योतिष्याकडे आले होते. मीही पाहिला.

मग मी बापूसाहेबांकडे पाहिले. मला भीती वाटत होती ती त्यांच्या रागाची. पण मी सरदारांना ओळखत नव्हतो. त्यांनी डोळे पुसले, हैबतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नानासाहेबांकडे वळले.

"पाहिलंत, नाना? याला म्हणतात चाखणारा! पाच पिढ्या सांभाळला, वेळेला उठला. तुमच्याकडे आहे असा?"

नानासाहेबांकडे नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे दुःख पाहिले, ते हाडे न दिसल्याचे नव्हते.

त्याच संध्याकाळी बापूसाहेबांच्या बग्गीतून आम्ही इंदुरास निघालो. हैबतराव, सगुणाबाई, मी आणि स्वतः बापूसाहेब. शस्त्रवैद्याने दोन बोटे काढली, तर्जनी आणि मधले. काखेत गाठ नव्हती. आता पुढे काय, ते काळ सांगेल, असे तो म्हणाला, आणि दर सहा महिन्यांनी हात दाखवायला यायला सांगितले. शुद्धीवर आल्यावर हैबतरावांनी बांधलेला हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की उद्याच्या पंगतीत चाखणार कोण?

"तुमची बोटं गेलीत," बापूसाहेब म्हणाले.

"चव बोटांत नव्हतीच, सरकार," हैबतराव म्हणाले.

मी देवास सोडले तेव्हा दिव्याभोवती शिशाचा जाड पत्रा बसत होता आणि खोलीच्या लांबच्या टोकाला पैलवानांची जागा हलवली होती. पाहुण्यांना आता बोकडाच्या तंगडीची हाडे दाखवतात. ती पाहायला फारसे कोणी येत नाही. धाकट्या पातीत मात्र एक नवा चाखणारा नेमला आहे, आणि तो फार कर्तव्यदक्ष आहे असे मांगीलालने सांगितले. पहिल्याच आठवड्यात त्याने बोलणाऱ्या तबकडीपुढे, नव्या बग्गीपुढे आणि नानासाहेबांच्या सासूबाईंपुढे ताटली पालथी घातली. आमच्या नाटकाला आश्रय मिळाला, एका अटीवर. पहिल्या रांगेत हैबतराव बसणार, आणि त्यांनी "चालू द्या" म्हटल्यावरच पडदा उघडणार.

साताऱ्याला परतलो तेव्हा रंगपटात तालमीची तयारी चालू होती. सदोबा मांडी घालून बसला होता, पुढ्यात सफेदा, हिंगूळ, काजळ आणि एका वाटीत पिवळीधमक हरताळ. बोटाने ती कालवून इंद्राच्या गालांवर चढवत होता. देवांची सोनेरी कांती आमच्याकडे सदोबाच्याच हातातून येते, साताऱ्यात प्रसिद्ध आहे.

"आलात, तात्या? मिळाला का राजा?"

मी त्याचा हात धरला आणि खिडकीशी नेला. तळहातभर कठीण, पिवळसर घट्टे. खवणी. मी त्याला किती वर्षे हसत होतो!

"सदोबा, हे काम कधीपासून करतोस?"

"लग्नाच्या आधीपासून. का?"

"जखम आहे का कुठे? न बुजणारी?"

"नाही बुवा. घट्टे आहेत. कामाचे हात आहेत, सांगितलं ना."

मी परत त्याच्या बैठकीपाशी गेलो, हरताळेची वाटी उचलली आणि सतरंजीवर पालथी घातली. पिवळा रंग चहूकडे पसरला. इंद्र अर्ध्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिला.

"अहो, वेड लागलं का? मग देव काय पांढरे करू?"

"पांढरे कर," मी म्हणालो. "आणि उद्या माझ्याबरोबर मिरजेला डॉक्टरांकडे चल. पहिला प्रश्न ते काय विचारतील ते मला माहीत आहे, आणि नाही विचारला तर मी उत्तर देणार आहे."

त्या मोसमात साताऱ्याच्या रसिकांनी तक्रार केली, की तुमच्या इंद्राला या वर्षी कसला आजार झाला आहे? फार फिकट दिसतो. मी त्यांना सांगितले, आजार इंद्राला नाही. ज्याला होणार होता, तो पडद्यामागे बसून त्याला पावडर लावतो आहे.